गव्हातलं जस्त मोजताना

पहाटे साडेपाच

संकराचा हंगाम सुरू झाला की आठवड्यातले बरेच दिवस माझा मुक्काम शेतावरच्या खोलीत असतो. संस्था पुण्यात, शेत फलटणजवळ, नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात. चहूबाजूंनी ऊस आणि मधोमध आमचे गव्हाचे तुकडे. जानेवारीच्या मध्यावर इथे पहाटे चांगलाच गारठा असतो आणि गव्हाला तो हवाच असतो. रात्री गार राहिल्या तर फुटवे धरतात, पुढे दाणा भरायला सवड मिळते. थंडीने लवकर पाठ फिरवली की दाणा बारीक राहतो. म्हणून उठल्यावर चहाच्या आधी किमान तापमान वहीत जातं.

मी गव्हाच्या आनुवंशिकतेवरच्या एका प्रकल्पात संशोधन सहायक आहे. ज्याच्या दाण्यात जस्त, लोह आणि प्रथिनं जास्त आहेत असा गहू उभा करायचा, आणि तसं करताना उत्पादन घटू द्यायचं नाही, हे आमचं काम. सांगायला एका वाक्यात होतं. पण तांबेरा पानावर दिसतो, उंची पट्टीने मोजता येते, दाण्याचा रंग आणि टपोरेपणा तळहातावर घेऊन कळतो. जस्ताचं तसं काही नाही. डोळ्यांना, जिभेला, बोटांना त्याचा पत्ता लागत नाही. चाळीस पीपीएम जस्त असलेला गहू म्हणजे किलोभर दाण्यांत चाळीस मिलीग्रॅम जस्त. पंचवीस पीपीएमचा गहू त्याच्या शेजारी ठेवला तर जन्मभर शेती केलेला माणूससुद्धा दोन्ही ढीग सारखेच म्हणेल. आमच्या कामात हा गुण फक्त लेबलवर, वहीत आणि यंत्राने दिलेल्या आकड्यात असतो. त्यातलं एक जरी सैल पडलं, तरी वर्षानुवर्षांची मेहनत साध्या गव्हात मिसळून जाते. दिवसभराची माझी सगळी धडपड या तीन गोष्टी घट्ट ठेवण्याची आहे.

सकाळी साडेसहा

पानांचे नमुने. उजेड झाला की उशिरा पेरलेल्या तुकड्यात उतरायचं. इथली रोपं अजून फुटव्यांच्या अवस्थेत आहेत. प्रत्येक रोपाला स्वतंत्र क्रमांक. पानावरचं दव टिपून घ्यायचं, सर्वांत कोवळ्या पानाचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापायचा, कात्री स्पिरिटने पुसायची, मग पुढचं रोप. शेतावरचे मामा क्रमांक मोठ्याने वाचतात, मी तो मोठ्याने परत म्हणते, आणि मगच तुकडा नळीत जातो. नळ्यांच्या तबकात ९६ घरं असतात. एक घर चुकलं तर त्याच्या पुढची सगळी चुकतात. त्यामुळे या वेळात गप्पा बंद, मोबाइल खोलीत.

पानं कशासाठी, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. १९०६ साली आरोन आरोनसोन या शास्त्रज्ञाला गॅलिलीतल्या रोश पिना इथे रानटी एमर गहू उगवलेला सापडला. आपल्या खपलीचा आणि बन्सीचा हा रानातला पूर्वज. पुढे या रानटी गव्हाच्या एका नमुन्यात प्रथिनांचं प्रमाण फारच जास्त आढळलं, आणि त्यामागचं जनुक २००६ मध्ये ख्रिस्तोबाल उआउय, हॉर्हे दुबकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं काढून दाखवलं. जीपीसी-बी१ हे त्याचं नाव. त्याचं काम मोठं विलक्षण आहे. दाणा भरण्याच्या काळात ते पानांना काही दिवस आधी पिकायला लावतं. पानं पिकताना त्यांच्यातलं नत्र, लोह आणि जस्त दाण्याकडे वळतं. लागवडीतल्या बहुतेक गव्हांत या जनुकाची चालती प्रत उरलेलीच नाही. एक तर ती गहाळ आहे किंवा मोडलेली आहे. दहा हजार वर्षं आपण टपोऱ्या दाण्यामागे गेलो, तेव्हा हे मागे राहून गेलं.

आता ते परत आणायचं, पण रानटी गव्हाची बाकीची लक्षणं नकोत. त्याची ओंबी पिकली की सुटी होऊन गळते आणि दाणा तुसात घट्ट अडकलेला असतो. म्हणून ज्याच्यात हे जनुक आलंय अशा झाडाचा आपल्या चांगल्या वाणाशी संकर करायचा, त्याच्या संततीचा पुन्हा त्याच वाणाशी, आणि असं करत राहायचं. दर पिढीत अंदाजे निम्म्या रोपांत जनुक येतं, निम्म्यांत येत नाही. रोपं मात्र सगळी सारखीच हिरवी. कोणत्या रोपात ते आहे हे पानातल्या डीएनएवरूनच कळतं आणि ते फुलोऱ्याच्या आत कळायला हवं, नाहीतर त्या रोपाचा संकर करायची वेळ निघून जाते.

साडेआठ ते अकरा

दिवसातलं सर्वांत आवडतं काम. गव्हाचं फूल उमलायच्या आधीच स्वतःच्या परागाने फळतं. वारा किंवा माशी यांच्यावर ते अवलंबून नाही. शेतकऱ्याला याचा फायदाच आहे, त्याचं बियाणं शुद्ध राहतं. आम्हाला मात्र प्रत्येक संकर हाताने करावा लागतो.

पोटरीतून नुकतीच बाहेर आलेली ओंबी निवडायची. फूल बोटांनी हलकेच उघडून बघायचं. परागकोश अजून हिरवे असतील तर ओंबी कामाची, पिवळे झाले असतील तर उशीर झाला. ओंबीची टोकाकडची आणि बुडाकडची कमजोर कणसुलं खुडून टाकायची. उरलेल्या प्रत्येक कणसुल्यातली मधली फुलं चिमट्याने ओढून काढायची, कडेची दोनच ठेवायची. मग कात्रीने तुसांचे शेंडे कापायचे. आता वरून आत बघता येतं. तीन परागकोश आणि त्यांच्या तळाशी, दोन बारीक पिसं उभी करावीत तशी, कुक्षी. तिन्ही परागकोश चिमट्याने उचलायचे. एकही फुटता कामा नये आणि कुक्षीला चिमटा लागता कामा नये. मग बटर पेपरची पिशवी, क्लिप, आणि पेन्सिलीने लिहिलेलं लेबल: मादी, तारीख, कोणी केलं त्याची खूण. पेन्सिलच हवी. शाई दवाने पसरते.

आमच्याकडे हे काम करणाऱ्या मावश्या जवळच्या वाडीतल्या. त्यांतल्या दोघी गेली कित्येक वर्षं दर हंगामात येतात. त्यांच्या हाताला जे कळतं ते मला पुस्तकातून कळलेलं नाही. ओंबीला हात लावल्याबरोबर त्या सांगतात, ‘ही आजची नाय, परवाची हाय.’ त्यांनी केलेल्या ओंबीत दाणे भरतात त्या प्रमाणात नव्याने शिकून आलेल्या विद्यार्थ्यांच्या ओंबीत भरत नाहीत. वाणाच्या प्रसिद्धीपत्रकात या हातांची नोंद होत नाही, ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. आमच्या वहीत तरी लेबलवरच्या खुणेने ती राहते.

पुंकेसर काढल्यावर दोन-तीन दिवसांनी पराग टाकायचा. कुक्षी तोवर पसरून ओलसर चकचकीत झालेली असते. नर वाणाची ओंबी कापून आणायची, तिचीही तुसं छाटायची आणि ती दोन मिनिटं उन्हात धरायची. ऊब लागली की परागकोश तुसांतून वर येतात, पिवळे, लोंबते, फुटायच्या बेतात. हे डोळ्यांदेखत घडतं. मी कितीही वेळा पाहिलेलं असो, हातातली ओंबी अशी जागी झाली की मी बोलायची थांबते. लगेच ती पिशवीत उलटी घालून मादी ओंबीवर हलकेच फिरवायची. परागाची धूळ खाली पडते. पिशवी बंद. लेबलवर नराचं नाव आणि तारीख. ऊन चढलं की परागाचा जोर कमी होतो, म्हणून अकराच्या आत जितक्या होतील तितक्या ओंब्या. एका चांगल्या ओंबीतून पंधरा-वीस दाणे मिळतात. सगळी पुढची पिढी त्या दाण्यांत.

अकरा

तांबेऱ्याची नोंद. तुकड्यांच्या कडेने आणि मधूनमधून लवकर रोग येणारा जुना आग्रा लोकल गहू मुद्दाम पेरलेला असतो, म्हणजे रोग सगळीकडे सारखा पसरतो आणि कोण तग धरतं ते कळतं. पानाचा किती टक्के भाग फोडांनी व्यापलाय आणि फोडाचा प्रकार कोणता, एवढं लिहायचं. जस्त कितीही असो, तांबेऱ्याला बळी पडणारी ओळ पुढे जात नाही. दक्षिणेत याची जास्तच काळजी घ्यावी लागते. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर तांबेरा वर्षभर जगतो आणि तिथून वाऱ्यावर उत्तरेकडे सरकतो, हे आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी स्वातंत्र्याच्या आधीच दाखवून दिलं होतं. आमची शेतं त्या वाटेवर आहेत.

बांधावर शेजारचे एक शेतकरी उभे होते. उसाच्या फेरात एकराचा तुकडा गव्हाखाली ठेवतात. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, ह्या झिंकवाल्या गव्हाला दोन रुपये जादा भेटणार का?’

मी म्हटलं, नाही काका, आज तरी नाही. मार्केट यार्डात लोकवन, सरबती, सिहोर असा नावावर आणि दाण्याच्या झळाळीवर भाव ठरतो. जस्त मोजणारं तिथे कोणी नाही. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि मला तर तो या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. ज्या गुणाचे पैसे मिळत नाहीत त्या गुणासाठी शेतकऱ्याने एक पोतंसुद्धा कमी का घ्यावं? पोषण हवं असेल तर ते चांगल्या उत्पादनाच्या आणि रोगप्रतिकाराच्या जोडीनेच यायला हवं. असं होऊ शकतं. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने दिलेला एमएसीएस ४०२८ हा बन्सी प्रकारातला बुटका वाण बघा. कोरडवाहू जमिनीसाठी काढलेला, १०२ दिवसांत तयार होतो, हेक्टरी १९ क्विंटलच्या आसपास उतारा. दाण्यात १४.७ टक्के प्रथिनं, ४०.३ पीपीएम जस्त, ४६.१ पीपीएम लोह. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने तो कमी पाण्यावर येतो म्हणून लावला तरी त्याच्या मुलांच्या ताटात जस्त आपोआप जातं. मी काकांना हेच सांगितलं. ते म्हणाले, ‘मग पुढच्या साली दोन किलो द्या, बघतो लावून.’

साडेबारा ते साडेतीन

बर्फाच्या पेटीत पानांची तबकं, आणि गाडी लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड करत पुण्याला. गाळपाचा हंगाम असल्याने रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग. भाकरी आणि मेथी गाडीतच.

साडेतीन

पानं फ्रीजरमध्ये ठेवून थेट दाण्यांच्या खोलीत. गेल्या हंगामातल्या ओळींचे दाणे मोजायचे आहेत. एक्सरे फ्लुरोसन्सचं यंत्र. दाणा दळावा लागत नाही, आम्लात विरघळवावा लागत नाही. पेल्यात थोडे दाणे टाकायचे, यंत्र त्यांच्यावर क्ष-किरण सोडतं, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकतं, आणि काही मिनिटांत पडद्यावर लोह आणि जस्ताचे आकडे येतात.

आकडा येणं सोपं आहे. तो खरा असणं अवघड. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या घमेल्यात ओंब्या टाकल्या तर आकड्यात घमेल्याचं जस्त येतं. लोखंडी मळणीयंत्रातून काढलं तर लोह वाढतं. आपल्या काळ्या आणि तांबड्या मातीत लोह इतकं असतं की दाण्यावर बसलेली धूळसुद्धा साध्या ओळीला भारी ठरवू शकते. म्हणून या ओळींची कापणी आम्ही ओंबी जमिनीला न टेकवता करतो, कापडी पिशवीतच लाकडाने कुटून दाणे काढतो, आणि तुसाचा तुकडा, फुटका दाणा, खडा असं सगळं हाताने निवडून टाकतो. संशय आला तर दाणे प्रयोगशाळेत विरघळवून ॲल्युमिनियम मोजून घेतो. मातीत ॲल्युमिनियम भरपूर, गव्हाच्या दाण्यात जवळपास नाहीच. ते सापडलं की समजायचं, आपण माती मोजली.

दुसरी अडचण अशी की हा आकडा नुसता वाचून भागत नाही. जस्त दाण्याच्या कोंड्यालगतच्या थरात आणि अंकुरात जास्त असतं, मधल्या पांढऱ्या भागात कमी. उन्हाने किंवा पाणी कमी पडल्याने सुरकुतलेल्या दाण्यात पांढरा भाग कमी भरतो, कोंड्याचं प्रमाण वाढतं, आणि पीपीएम उंच दिसतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी हजार दाण्यांचं वजन लिहिलेलं असतं. आज एका ओळीचा आकडा चाळिशीच्या बराच वर गेला. माझ्यासोबत काम करणारी विद्यार्थिनी टुणकन उठली. वजन बघितलं, दाणे पोचट. ओळ यादीतून काढली. तिला वाईट वाटलं ते मला समजतं, पण त्या ओळीने कुणाच्या ताटात काहीच वाढलं नसतं.

शिवाय जमीन आहेच. आपल्या चुनखडीच्या, विम्ल जमिनींत जस्त असूनही मुळांना सहज मिळत नाही. एकच वाण फलटणला एक आकडा देतो आणि विदर्भात दुसरा. त्यामुळे एका शेतावरचा, एका वर्षाचा आकडा कितीही मोहक असला तरी मी त्याला निष्कर्ष म्हणत नाही.

मोजून झालेल्या दाण्यांतले थोडे लहान बाटलीत भरून शीतगृहात ठेवायचे. नव्या मुलांना हे काम कंटाळवाणं वाटतं. त्यांना मी इंग्लंडच्या रोथॅमस्टेडचं सांगते. तिथल्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गहू पिकवला जातो आणि तिथले दाणे बाटल्यांतून जपून ठेवलेत. २००८ मध्ये संशोधकांनी ते जुने दाणे काढून मोजले, तेव्हा लक्षात आलं की दाण्यातलं जस्त, लोह, तांबं १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्थिर होतं आणि बुटके, जास्त उतारा देणारे वाण आल्यावर घसरत गेलं. त्याच बुटक्या गव्हांनी आपल्या देशाला भुकेतून वर काढलं. त्यांचं ऋण मोठंच आहे. त्यांच्यासोबत काय हरवलं हे मात्र ज्यांनी निमूटपणे बाटल्या भरून लेबलं लावली त्यांच्यामुळे कळलं. पहिल्या संकरापासून वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. माझ्यासारख्यांची नेमणूक प्रकल्पापुरती, दोन-तीन वर्षांची. मी लिहिलेलं लेबल मला न ओळखणारं कुणीतरी वाचणार आहे, हे धरूनच ते लिहावं लागतं.

पाच

पोळीची परीक्षा. नव्या ओळींचं पीठ ठरावीक वजनाने घेऊन, किती पाणी लागलं ते लिहून, पोळ्या लाटल्या जातात. फुगते का, रंग कसा, घडी मोडते का, आणि गार झाल्यावर वातड होते का, यावर दहापैकी गुण. खाणारे पाच-सहा जण, कोणती पोळी कोणत्या ओळीची ते कुणालाच ठाऊक नसतं. बन्सीच्या ओळी असल्या की रवा आणि शेवयाही होतात. या परीक्षेला मी यंत्राइतकाच मान देते, कारण घरात चिवट पोळी दोनदा झाली की तो गहू तिसऱ्यांदा आणला जात नाही.

इथेच आहारतज्ज्ञ मॅडम दर वेळी एक गोष्ट आठवण करून देतात. दाण्यातलं सगळं जस्त अंगी लागत नाही. ज्या थरात जस्त, त्याच थरात फायटेट नावाचं द्रव्य असतं. ते जस्ताला आणि लोहाला धरून ठेवतं. हिशोब मांडला तर रोज पाव किलो पीठ खाणाऱ्याला पंचवीस पीपीएमच्या गव्हातून सव्वासहा मिलीग्रॅम जस्त मिळतं, चाळीसच्या गव्हातून दहा. त्यातलं किती शोषलं जाईल हे फायटेटवर अवलंबून. पीठ आंबवलं तर फायटेट काही अंशी मोडतं, पण पोळीचं पीठ आपण आंबवत नाही. बारीक चाळणीने कोंडा काढून टाकला तर फायटेट जातं आणि जस्तही जातं. मैद्यात तर दोन्ही जेमतेम उरतं. त्यामुळे मूळ दाण्यातच जस्त इतकं असावं की कमी शोषलं गेलं तरी फरक पडावा, हाच सर्वांत भरवशाचा मार्ग मला दिसतो. ज्या घरात दूध, मटण, कडधान्य रोज परवडत नाही आणि ताटात पोळीच मुख्य असते, त्या घरासाठी हे काम आहे.

साडेसहा

आज आणलेल्या पानांतून डीएनए काढायला घेतलं. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून भुकटी, ६५ अंशांच्या पाण्यात तासभर, मग क्लोरोफॉर्म, मग थंड आयसोप्रोपॅनॉल. नळीत पांढरा धागा तरंगताना दिसला की जीव भांड्यात पडतो. हा रात्रभर सुकेल.

तोवर आधीच्या तुकडीचं जेल तयार झालं होतं. या तुकडीची रोपं शेतावर आता पोटरीत आहेत, म्हणजे उशीर परवडणारा नव्हता. अतिनील प्रकाशात पट्ट्या उजळल्या. जनुक असलेल्या रोपाची पट्टी वेगळ्या उंचीवर येते. कडेला दोन्ही मूळ वाणांचे नमुने होते, ते जागच्या जागी. पाण्याचा कोरा नमुना कोराच. हे तीन बरोबर असल्याशिवाय मी बाकीच्या रांगा वाचत नाही. मग एकेक रांग, मी आणि विद्यार्थिनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकींना न सांगता. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले. जुळले. निम्म्याहून थोडी कमी रोपं कामाची निघाली. एका रांगेतली पट्टी फिकी होती, तिला दोघींनीही प्रश्नचिन्ह दिलं होतं. त्या रोपाचं पान उद्या पुन्हा.

आठ

मामांना फोन. वाफा, ओळ, रोप असा एकेक क्रमांक मी सांगितला, त्यांनी तो परत म्हटला. निवडलेल्या रोपांना सकाळी निळा दोरा, प्रश्नचिन्हाच्या रोपाला पांढरा. ज्यांच्या ओंब्या बाहेर पडायला लागल्यात त्यांचे पुंकेसर मावश्यांनी उद्याच काढायला घ्यायचे. मूळ वाण मुद्दाम तीन वेगवेगळ्या तारखांना पेरलेला आहे, म्हणजे कुठली ना कुठली ओंबी परागाला तयार असतेच. दुसऱ्या पेरणीतली चालेल का, मामांनी विचारलं. चालेल म्हटलं, पण पिशव्या घालताना कालची आणि उद्याची लेबलं मिसळू देऊ नका. उद्या रात्री मी परत शेतावर. तेरवा सकाळी नऊच्या आत पहिल्या ओंबीवर पराग पडायला हवा.